पळस, पाहुणे आणि आबाजींच्या बातम्या

नागपूरहून ब्रह्मपुरीकडे जाणारी एसटी उमरेड सोडते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस सुरू होतो. फेब्रुवारी सरत आलेला असतो. धानाच्या बांध्यांतली धसकटं पांढरी पडलेली, धुऱ्यावरच्या बहुतेक झाडांनी पानं टाकलेली, आणि त्या रुक्ष पसाऱ्यात एकेक पळस अंगावर पान न ठेवता नुसता फुलून उभा. भिवापूर जवळ आलं की खिडकीतून तिखटाचा ठसका आत येतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या दिवसांत मिरचीच्या सातऱ्यांवर बायका रांगेनं बसून देठ खुडत असतात आणि मोकळ्या जागेत लाल वाळवणं पसरलेली असतात. गाडीतले लोक पदर-रुमाल नाकाला लावतात, तरी खिडकी कुणी बंद करत नाही. बाहेर बघण्यासारखं फार असतं.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. झाडीपट्टीत मात्र तो फाल्गुनातच येऊन बसतो, कारण चैत्रात इथं ऊन भाजायला लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. नागपूर ते ब्रह्मपुरी सुमारे 120 किलोमीटर. पूर्वी नागभीडपर्यंत ‘छोटी लाईन’ होती. त्या अरुंद रुळांवरून गाडी इतक्या सावकाश जायची की कोणत्या स्टेशनामागचा आंबा बारावर आला आहे, हे डब्यात बसून सांगता यायचं. रुंदीकरणासाठी ती 2019 मध्ये बंद झाली. तेव्हापासून गावाकडं जायचं म्हणजे एसटी, नाहीतर कुणाची तरी गाडी.

या वाटेनं मी माझ्या आजोबांकडे, आबाजींकडे जाते. वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका गावात त्यांचं घर आहे. वय ऐंशीच्या पुढं, कान थोडे मंद, डोळे अजून चांगले. सकाळी तलावाच्या पाळीवरून एक फेरी, मग ओट्यावर बैठक, संध्याकाळी पुन्हा पाळ. या दोन फेऱ्यांत त्यांना जे दिसतं आणि घरीदारी जे घडतं, ते सगळं रविवारी फोनवरून आमच्यापर्यंत पोचतं. नागपूर, पुणे, हैदराबाद, जिथं जिथं या घरातली माणसं गेली आहेत तिथं तिथं ह्या बातम्या जातात.

त्या ऐकण्यासारख्या असतात. “अवंदा पळस पयलेच फुलला. मधल्या आत्याच्या सुनेले मुलगी झाली. तलावाचं पानी खाली गेलं. आंब्याले बार चांगला आहे. तुह्या काकानं गाय विकली.” एका दमात. पळस आणि पणती यांच्यामध्ये आबाजी श्वासही घेत नाहीत. लहानपणी वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असं एकातून दुसऱ्यात जातंच. गावात राहून, पहाटे त्यांच्या मागं मागं हिंडल्यावर कळलं की या बातम्या एकमेकींना खरोखरच बांधलेल्या आहेत. या घरात झाडांचं वेळापत्रक आणि माणसांचं वेळापत्रक वेगळं नाही. मोह कधी पडला यावर सासुरवाशीण माहेरी कधी येणार ते ठरतं, तेंदू कसा निघाला यावर लग्नातला मांडव किती मोठा ते ठरतं, आणि तलावात फाल्गुनात पाणी किती उरलं यावर उन्हाळी धान लागेल की धाकटा मुलगा कामासाठी बाहेर जाईल ते ठरतं.

मोहाचंच घ्या.

मार्चच्या सुरुवातीला मोहाची पानं झडून जातात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके लटकतात. फुलं रात्री उमलतात. फळं खाणारी मोठी वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि परागीकरणाचं बरंचसं काम त्यांच्याकडून होतं. पहाटेच्या सुमाराला मलईच्या रंगाच्या, रसानं भरलेल्या पाकळ्यांचे गोळे टपटप खाली पडू लागतात. फुलाचा हा गोड भाग गळून पडतो आणि फळ धरणारा भाग वर फांदीलाच राहतो. म्हणून खाली पडलेलं फूल वेचल्यानं फळाचं काही बिघडत नाही. पुढं उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच झाडाखाली बिया मिळतात आणि त्यांचं तेल निघतं.

आबाजींच्या घराण्यात मोहाची झाडं भावांमध्ये वाटलेली आहेत. जमिनीचे हिस्से सरकारी कागदावर आहेत, झाडांचे हिस्से सगळ्यांच्या तोंडी. नाल्याकाठचा जोड मोह थोरल्या भावाकडं, पाळीखालचा आबाजींकडं, आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, कोपऱ्यावरचा, सगळ्यांत गोड फुलांचा, त्यांच्या बहिणीकडं. बहीण लग्न होऊन वैनगंगेपलीकडं वडशाच्या बाजूला गेली, तरी तो मोह तिचाच राहिला. मोह पडायला लागला की ती माहेरी यायची, पंधरा-वीस दिवस राहायची, वाळलेल्या फुलांचं पोतं घेऊन परतायची. सगळं घर तिला आत्या म्हणायचं. आता ती नाही. तिची सून येते. आबाजींच्या फोनवरच्या बातमीत “आत्याची सून आली” याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. मोह सुरू झाला.

पहाटे चारच्या पुढं गाव हलायला लागतं. एका हातात टोपली, डोक्याला फडकं, दुसऱ्या हातात बॅटरी. पूर्वी माणूस एकटादुकटा जायचा. आता चौघी-पाचजणी मिळून जातात आणि उजाडल्याशिवाय रानाच्या आत शिरत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या मोठी आहे आणि मोह-तेंदूच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. फुलं वेचणारं माणूस खाली वाकलेलं असतं, आजूबाजूला पाहत नाही, आणि वेळही जनावरांच्या हालचालीची. मोहाच्या वासावर अस्वल येतं ते वेगळंच. या भागातल्या जवळपास प्रत्येक गावाला असा एखादा शोक ठाऊक आहे. आबाजी फोनवर मोहाची बातमी देतात तेव्हा शेवटी एक वाक्य असतं, “सगळे घरी आले.” शहरातल्या नातवंडांना ते वाक्य उगीच जोडलेलं वाटत असे. मला आता तीच मुख्य बातमी वाटते.

वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची जुनी रीत आहे. ती आग कधी कधी पसरते आणि जंगलात वणवा जातो. नवी कोवळी झाडं त्यात मरतात. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधून फुलं वरचेवर झेलतात. त्यामुळे पालाही जाळावा लागत नाही आणि फूलही मातीला लागत नाही. आबाजींनी पाळीखालच्या मोहाला यंदा घरातल्या जुन्या मच्छरदाणीचं कापड बांधलं आहे. त्यांच्या मते फुलं पांढरी राहतात आणि व्यापारी भाव बरा देतो.

अंगणात आठवडाभर वाळवण चालतं. ताजी फुलं मलईच्या रंगाची, वाळली की गुळासारख्या तांबूस रंगाची होतात. वास घरभर, कपड्यांत, पाण्याच्या माठातसुद्धा. शहरात मोह म्हटलं की दारू एवढंच डोळ्यांसमोर येतं. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. पण या घरांमध्ये मोह आधी पोटात गेलेला आहे. भाताची टंचाई असलेल्या वर्षांत पिठात मोहफुलं कालवून केलेल्या भाकरीवर दिवस काढल्याचं आबाजी सांगतात. 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध काढले. त्या वर्षीच्या बातम्यांत आबाजींनी हीही बातमी दिली होती, आणि लगेच पुढं, धाकट्या नातवाला चष्मा लागल्याची.

मोह सरतो आणि तेंदू येतो. तेंदूची तयारी मात्र फाल्गुनातच होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, म्हणजे मेमध्ये कोवळी, रुंद पानं निघतात. मग सगळं घर पानं तोडायला जातं. दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, एका पुड्यात 70 पानं, आणि संध्याकाळी ते फळीवर न्यायचे. फळी म्हणजे पानं मोजून घेण्याचं ठिकाण. वैनगंगेपलीकडं गडचिरोलीत अनेक ग्रामसभा वनहक्काच्या आधारानं तेंदूचा लिलाव आता स्वतः करतात, आणि त्यामुळे पानांच्या पैशाची चर्चा ओट्यांवर मोकळेपणानं होते. उन्हाळ्याच्या तोंडावर रोख रक्कम घरात येण्याचे हेच दिवस. शाळेची फी, लग्नाचा बस्ता, धानाचं बियाणं, सगळं याच पैशातून निघतं. वळवाचा पाऊस किंवा गारपीट झाली की पानावर डाग पडतो आणि मांडवाची कनात एकदम आखूड होते.

लग्न जुळायचं ठिकाणसुद्धा ऋतूनंच नेमून दिलेलं आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, काही ठिकाणी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. वडसा हे तिचं केंद्र. तिथल्या रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या पाट्या एकीला लागून एक लागलेल्या आहेत आणि गावोगावचे लोक तिथं येऊन प्रयोग ठरवून जातात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाट फुटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बातमी आबाजींनी घरातल्या माणसाची असावी तशी सांगितली. 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा मात्र ते बरेच दिवस गप्प होते. 2021 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, आणि पटाला पुन्हा माणसं जमू लागली.

गावात नाटक आहे म्हटलं की पाहुणे येतात. घराघरांत दहा-पंधरा माणसं जेवायला. दिवसा गप्पा, रात्री नाटक, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात मुलगा दाखवणं, मुलगी पाहणं. होळीच्या सुमाराला हंगाम मिटतो तेव्हा घरोघरी दोन-चार सोयरिकींची बोलणी अर्धवट झालेली असतात आणि ती पुरी करायला फाल्गुन-चैत्र पुरतात. यंदा आमच्या घरातलं असंच एक बोलणं वडशाजवळच्या नाटकाला सुरू झालं. मुलगी म्हणजे माझ्या चुलतभावाची थोरली, नर्सिंगचं शिक्षण पुरं करून दवाखान्यात लागलेली. मुलगा कृषी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारा. दोघं एकमेकांशी आधीपासून फोनवर बोलत होते, ही बातमी आबाजींना सगळ्यांत शेवटी कळली आणि सगळ्यांत जास्त आवडली.

संध्याकाळच्या फेरीत आबाजी तलावाकडं नेतात. इथल्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडं गेले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातले कित्येक शतकांपूर्वी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजातल्या जाणकारांनी बांधलेले. उतार पाहून, नाल्याची वाट पाहून पाळ घातलेली. फाल्गुनात पाणी मागं सरकतं, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर बगळे, ढोकरी, टिटव्या उतरतात. आबाजी पाळीवरच्या एका दगडाकडं पाहतात. होळीला पाणी त्या दगडाच्या वर असलं तर उन्हाळी धानाला पाणी पुरतं. यंदा ते दगडाच्या खाली आहे. रविवारच्या फोनमध्ये “तलावाचं पानी खाली गेलं” हे जे वाक्य येतं, त्याचं मोजमाप त्या दगडावर आहे. याच वाक्यापुढं आलेली बातमी, “धाकटा रायपूरले जातो म्हनते कामाले,” ही मग वेगळी उरत नाही.

असं नेमानं पाहणं या मातीत जुनं आहे, आणि त्यानं मोठ्या गोष्टी घडवल्या आहेत. ब्रह्मपुरीला येताना लागतं ते नागभीड. त्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडीशी शेती, जुजबी शिक्षण. 1983 मध्ये आपल्या बांधीत त्यांना धानाच्या काही लोंब्या बाकीच्यांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्षं निवडत गेले. त्यातून बारीक, चवदार दाण्याचं वाण तयार झालं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले आणि ते वाण देशभरच्या शेतांत गेलं. दादाजी 2018 मध्ये गेले. आबाजींच्या बांधीत आजही एचएमटी असतं.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला वनखात्यात असताना तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसांकडून तलाव, पक्षी, झाडं यांची माहिती गोळा केली. मराठीत पुढं जे अरण्यलेखन बहरलं त्याची मुळं अशा ओट्यांवरच्या बोलण्यात आहेत. दूर इंग्लंडमध्येही नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदारानं 1736 पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी, कोणत्या झाडाला पालवी कधी, पाकोळी कधी आली. त्याच्या मागं त्याच्या वंशजांनी ती नोंद 1958 पर्यंत चालवली. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना ती घरगुती वही आज फार मोलाची वाटते. आपल्याकडंही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुलं आणि मोठी माणसं एकेक झाड निवडून त्याची पानं, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवतात. केरळात विषूच्या सणाला लागणारा बहावा सणाच्या आधीच फुलू लागला आहे, हे अशाच नोंदींमुळं आकड्यांत मांडता आलं.

आबाजींनी कधी काही लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या बातम्यांत तारखा आहेत, फक्त त्या माणसांना टांगलेल्या आहेत. मधल्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षी आंब्याला बार आलाच नव्हता. माझ्या जन्माच्या वर्षी मोह गुढीपाडव्यानंतरही आठ दिवस पडत होता. थोरले काका नोकरीला लागले तेव्हा काटेसावर होळीच्या बरीच आधी फुलून गेली होती आणि कापूस उडताना दिसत होता. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, नेमणुकीची पत्रं घरातल्या पेटीत आहेत. ती शेजारी ठेवली की प्रत्येक आठवणीला साल मिळतं. चुलतभावाच्या धाकट्या मुलानं, जो सातवीत आहे, हे काम अंगावर घेतलं आहे. दर रविवारी आबाजी फोन करतात तेव्हा तो शेजारी वही घेऊन बसतो. एका रकान्यात झाडं-पक्षी-पाणी, दुसऱ्यात माणसं. पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत झाली. आत्याची सून मोहासाठी आली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? त्यानं मधली रेघ खोडून टाकली आणि सगळं एकाखाली एक लिहायला घेतलं.

होळीच्या दिवशी गावात मुलांनी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा केल्या, गळ्यात साखरेच्या गाठी घातल्या. आबाजींनी पळसाची फुलं रात्रभर भिजत घालून केशरी पाणी काढलं आणि सकाळी सगळ्यांच्या अंगावर ते शिंपडलं. नर्स झालेल्या पणतीच्या पांढऱ्या ओढणीवर डाग पडला. ती ओरडली आणि मग हसली. दुपारी पाहुणे आले आणि ओट्यावर लग्नाची तारीख काढायची बैठक बसली.

गुरुजींनी पंचांगातून तीन मुहूर्त काढून दिले होते. एप्रिलच्या सुरुवातीचा बायकांनी नको म्हटला, मोह पडत असेल, वेचायला कोण जाणार. मेमधला पुरुषांनी नको म्हटला, फळी सुरू झालेली असेल, पुडे बांधायचे सोडून मांडवात कोण बसणार. राहिला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला. मोह सरलेला, तेंदू अजून यायचा. मुलाच्या वडिलांनी वर पाहिलं, कुसुमाच्या झाडाला आलेली लाल पालवी तोवर हिरवी झाली असेल, सावली चांगली पडेल म्हणाले. तारीख ठरली.

आबाजींनी लगेच फोन मागितला आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. पुण्याच्या काकांना रेल्वेचं आरक्षण आजच करायला सांगितलं. हैदराबादच्या नातवाला बल्लारशावरून वडशाची गाडी धरायला सांगितलं. नागपूरच्या सगळ्यांना बजावलं की रानाचा रस्ता आहे, आदल्या दिवशी अंधार पडायच्या आत गाड्या गावात आल्या पाहिजेत. मांडवावर टाकायला जांभळीच्या डहाळ्या थोरल्या भावाची मुलं आणतील, पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळ्या आत्याची सून लावून देईल, तांदूळ घरचा एचएमटी. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तू भिवापूरवरून मिरची घेऊन येजो वं माय, चांगली लाल पाहून. आन् येता येता पाय, बहावा फुलला का ते. लग्नापर्यंत फुलाले पायजे.”